तिला कोणत्या नावानं बोलवायचं

माझ्या बायकोच्या तेरवीला एक माणूस जेवला, हात धुतले, पान तोंडात घातलं आणि उभा राहून बोलायला लागला. निवृत्त गुरुजी. आदिवासी पोरांची वसतिशाळा चालवणाऱ्या कोण्या संस्थेत त्यांची सारी नोकरी गेली. मी त्यांना बोलावलं नव्हतं, गावातल्या कोणीतरी मोठा माणूस म्हणून आणलं होतं. ते म्हणाले, या माउलीचं उदाहरण सगळ्यांनी घ्यावं. जंगलातली गोंडाची पोर, अंगभर कपडा नाही, तोंडात धड भाषा नाही, आणि शाळेनं तिला मुख्य प्रवाहात आणलं. शेवटी चांगल्या घरातून सवाष्ण म्हणून गेली. याला म्हणतात माणूस घडवणं.

लोकांनी माना हलवल्या. तिच्या नावानं रांधलेला भात याच्या दातात अजून अडकला होता आणि हा तिला घडवायला निघाला होता.

मी उठलो. माझ्यासारखा म्हातारा उठला की लोकांना वाटतं, आता आभार मानणार.

"गुरुजी, तुम्ही तळ्यातला मासा कधी नदीच्या मोठ्या धारेत सोडला का?"

"नाही बा. काहून?"

"मी सोडला आहे. वाहून जाते तो. खाली धरणाच्या दाराशी पांढरं पोट वर करून तरंगते. कावळे खाते."

"तुम्ही दुःखात आहात भाऊ, मी समजू शकतो."

"दुःखात आहोच. पण तुम्ही माझ्या घरी जेवून माझ्या बायकोले जनावर म्हणून राहिले."

माझ्या मुलीनं दंड धरून मला खाली बसवलं. गुरुजी हसले. पान चघळत हसले. ते हसणं अजून माझ्या डोळ्यासमोर आलं की थुंकावंसं वाटतं.

मी ढिवर माणूस. आसगावच्या अंगाला आमचं गाव, गावाला मोठं तळं, आणि पलीकडे वैनगंगा. चौथीपर्यंत शिकलो, मग जाळं हातात आलं. बायको भेटली ती रोवणीच्या दिवसात. लाखांदूरच्या पुढच्या, जंगलाकडच्या गावांतून धानाच्या रोवणीला बायांची टोळी आमच्याकडे यायची, त्यात ती होती. मी तळ्याच्या पारीवर मासे विकत बसलो होतो. ती म्हणाली, एवढासा मासा आणि एवढा भाव, तुमच्या तळ्याले सोन्याचं पाणी आहे काय? दोन वर्षांनी मी तिला घरी आणलं तेव्हा माझी आई दारात उभी राहून म्हणाली, "मासे धरायले गेला होता ना रे? आन् हे काय धरून आणलं?" जातवाल्यांनी काही दिवस पाणी बंद केलं. त्यांना माझ्याकडून मासे उधार मिळेनात तेव्हा आपसूक सुरू केलं.

तिच्या दोन सवयी मला कधी कळल्या नाहीत. एक म्हणजे वरण. भात कितीही घ्यायची, पण वरण दुसऱ्यांदा घ्यायचं असलं की आधी इकडेतिकडे पाहायची. स्वतःच्या घरात, स्वतःच्या हातानं रांधलेलं. मी म्हणायचो, "काय चोरी करून राहिली काय?" तर ओगराळं परत ठेवून द्यायची. दुसरी सवय म्हणजे, मासे साफ करताना शिंगूर माशाचा काटा बोटात घुसला की ती तिच्या भाषेत ओरडायची. गोंडीत. आणि लगेच दुसरा हात तोंडावर. रक्त गळणाऱ्या बोटाकडे पाहायची नाही, दाराकडे पाहायची, कोणी ऐकलं का म्हणून. पाऊणशे वर्षांची बाई. नातवंडांची आजी.

तेरवी झाली, पाहुणे गेले. मग एक दिवस माझा साळा आला. तिचा धाकटा भाऊ. तोही आता पांढरा झाला आहे. ओसरीत बसला, पाणी प्याला, आणि म्हणाला, "भाटवे, बाई अजून घरी आली नाही."

"कोणती बाई?"

"माझी बहीण."

मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मग त्यानं समजावून सांगितलं. त्यांच्यात माणूस मेला की त्याचा जीव पाण्याकडे जातो. घरच्यांनी नदीवर जायचं, मेलेल्याला नावानं हाक मारायची, आणि हाकेला जे येईल, मासा येवो, किडा येवो, ते मडक्यात घेऊन घरी आणायचं. घराच्या ज्या कोपऱ्यात त्यांचे पूर्वज राहतात तिथे त्याला बसवायचं. मग तो जीव घरच्यांत मिसळला. नाही आणलं तर तो भटकत राहतो, ना इकडचा ना तिकडचा.

"तुमच्या घरी तिले बसवायले असा कोपरा नाही," तो म्हणाला. "आमच्याकडे आहे. तिचे मायबाप तिथंच आहे. तुमची हरकत नसली तं आणू."

माझी कशाची हरकत? मी जाळलं होतं तिला, आमच्या पद्धतीनं. राख वैनगंगेत सोडली होती. तरी घर रिकामं नव्हतं वाटत, अर्धवट वाटत होतं. कोणीतरी दाराशी उभं आहे आणि आत येत नाही, असं. मी म्हटलं, चला.

मुलगी सोबत आली. ती लाखनीला एका खासगी शाळेत इतिहास शिकवते. आईच्या आजारपणापासून रजा टाकून माझ्याकडेच होती.

साळ्याच्या गावाखालून चुलबंद नदी वाहते. कार्तिकातलं पाणी, नितळ, गुडघाभर. त्यांचा भुमक, म्हणजे गावचा पुजारी, काठावर बसून काहीतरी पुटपुटत होता. बाया मडकं घेऊन उभ्या होत्या. मी मासेमार माणूस. मासा आणायचा म्हटल्यावर मला दुसरं काय सुचणार? मी माझं फेकायचं जाळं खांद्यावर टाकूनच आणलं होतं. कोणी काही बोलायच्या आत पाण्यात उतरलो, जाळं हातावर घेतलं आणि असं गोल टाकलं की जवानीत पण तसं पडलं नसेल. ओढून आणलं तर चांगले तळहाताएवढे चार मासे फडफडत होते. माझी छाती फुगली. म्हटलं, घ्या, यातली कोणती ती पाहा.

एक बाई तोंडाला पदर लावून मागे सरकली.

"जवाई," भुमक हळू आवाजात म्हणाला, "हे काय करून राहिले?"

"मासा नाही का पाहिजे?"

"तिले बोलावून राहिलो आपण. जाळ्यानं धरून आणते का कोणी आपल्या माणसाले?"

मी ते चारही मासे सोडले. जाळं काठावर दूर नेऊन ठेवलं. पण ते काही खरं अवघड नव्हतं. अवघड पुढे आलं.

भुमकानं मडकं पाण्यात आडवं धरलं आणि विचारलं, "बाईचं नाव?"

मी सांगितलं. एका देवीचं नाव, तुमच्या आमच्या गल्लीत दहा बाया सापडतील त्या नावाच्या. आधार कार्डावर तेच, राशनवर तेच.

भुमकानं ते नाव जिभेवर घोळवून पाहिलं. साळ्याकडे पाहिलं. साळ्यानं मान खाली घातली.

"हे नाव कोणी ठेवलं?"

"शाळेत ठेवलं," साळा म्हणाला. "मास्तरनं."

"मग मायबापानं ठेवलेलं?"

"मले नाही मालूम. मी पोटात होतो तिले नेलं तेव्हा."

भुमक उठला. मडक्यातलं पाणी ओतून दिलं. "या नावानं हाक मारली तं मास्तरच यायचा वर," तो म्हणाला. "त्याले बसवता काय घरात?"

एक जण हसला. भुमकानं मडकं पालथं करून बाईच्या हातात दिलं. खरं नाव आणा, मग बोलवू. तोपर्यंत ती पाण्यातच.

त्या दिवशी परत येताना मी एस.टी.त खिडकीला डोकं लावून बसलो. बायकोला मेल्यावर बोलवायला माझ्याजवळ नाव नव्हतं. सारा संसार केला, लेकरं झाली, नातवंडं झाली, आणि जे नाव घेऊन मी तिला जाळलं ते कोण्या मास्तरनं हजेरी सोपी जावी म्हणून चिकटवलेलं.

तिनं मला शाळेतलं सांगितलं होतं, पण एका वेळी एक तुकडा. बसून गोष्ट सांगितली असं कधीच नाही. कांदा चिरता चिरता एक वाक्य, मग दोन वर्षं काही नाही. ते तुकडे मी त्या एस.टी.त बसून जोडले.

गाडी आली होती गावात. पोरांना कपडे भेटतील, जेवण भेटेल, शिकतील. मायबापानं अंगठा दिला, का दिला हे त्यांना कोणी त्यांच्या भाषेत सांगितलंच नाही. ती सहा-सात वर्षांची असेल. शाळेत पहिल्या दिवशी रांगेत बसवून सगळ्या पोट्ट्यांचे केस मुळापासून कापले, डोक्यावर रॉकेल चोळलं. कपाळावर, हनुवटीवर आजीनं गोंदवून दिलेलं होतं, ते विटेच्या खापरीनं घासायला लावलं. गोंदण घासून जात नसते. कातडं जाते. मग नावं. मास्तर म्हणाला, असली जंगली नावं माझ्या तोंडातून निघत नाही, आणि एका दमात सगळ्यांना देवादेवींची नावं वाटून टाकली. जुन्या नावाला कोणी 'ओ' दिली की कानाखाली.

आणि वरण. जेवताना गोंडी बोललं की ताटात कोरडा भात, वरण नाही. आणि कोण बोललं हे जो सांगेल त्याला वरणाचं एक ओगराळं जास्त. लहान लहान पोरं, भुकेली, एकमेकांच्या तोंडाकडे टक लावून बसायची, याच्या ओठातून काही निसटते का म्हणून. हे मारण्यापेक्षा घाण आहे. मारणं मी समजतो, माझ्या बापानं मला चाबकानं मारलं आहे. पण ज्या माणसाच्या डोक्यात हे ओगराळ्याचं आलं असेल, त्याला मी माणूस म्हणणार नाही. आणि तो माणूस घरी जाऊन आपल्या लेकराला मांडीवर घेऊन जेवत असेल.

मी तिला एकदाच विचारलं होतं, तुझं पहिलं नाव काय होतं? ती तेव्हा तांदूळ निवडत होती. खडा बाजूला काढला आणि म्हणाली, "गेलं." एवढंच. विसरली होती की सांगायचं नव्हतं, ते मला कळलं नाही. पुन्हा विचारलं नाही. तिचा हात गालाकडे गेला होता, आपोआप, ते मी पाहिलं होतं.

घरी आल्यावर मुलीला मी हे सगळं सांगितलं. तिला यातलं अर्धं माहीत होतं, अर्धं नव्हतं. तिनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "बाबा, याले जगात एक शब्द आहे. वंशसंहार."

"ते तं कत्तल. टीव्हीवर दाखवते ते. खड्डे खणून माणसं पुरते. तुझ्या आईले कोणी मारलं? उलट तिकडं राहिली असती तं हिवतापानं गेली असती. शाळेत गोळी भेटली म्हणून जगली, असं तीच सांगे."

"हेच सगळे म्हणते. गोळी देली म्हणून नाव काढून घ्यायचं का?"

तिनं मग शाळेतल्या पोरांना सांगते तसं सावकाश सांगितलं. मोठी लढाई झाल्यावर जगातल्या देशांनी बसून कायदा केला. एखादी जमात जमात म्हणून संपवायच्या इराद्यानं जे केलं जाते ते वंशसंहार. त्यात माणसं मारणं तर आलंच. पण तेवढंच नाही. त्यांना लेकरं होऊ न देणं त्यात आहे. आणि एका जमातीची लेकरं उचलून जबरदस्तीनं दुसऱ्यांच्या हाती देणं, तेही त्यात लिहिलं आहे.

"लेकरं उचलणं?"

"हो. मोठी माणसं मारायची गरजच काय मग? म्हातारी होऊन आपोआप मरते."

हे मला कोणी समजवायची गरज नव्हती. मी तळ्यावर पाहिलेलं आहे. मरळ मासा आपली पिल्लं सांभाळतो. लालसर पिल्लांचा गोळाच्या गोळा पाण्यावर फिरतो आणि खाली मायबाप राखण करतात. कोणी जवळ गेलं की उसळी मारून अंगावर येतात. आता तळ्यातून मरळ संपवायचा असेल तर मोठ्या मरळीच्या मागे लागायचं काम नाही, ती जाळं फाडते. तो लाल गोळा तेवढा गाळणीनं उचलायचा. दोन-तीन पावसाळे असं करा. तळं तेच, पाणी तेच, कोणी विष घातलं नाही, कोणाच्या हाताला रक्त नाही. आणि मरळ नाही.

विषही घालतात, ते वेगळं. माशांचं नवं बीज सोडायच्या आधी तळं साफ करायला मोहाच्या बियांची ढेप टाकतात. प्रशिक्षण द्यायला आलेला साहेब म्हणायचा, नको असलेले मासे काढून टाका. दुपारपर्यंत सगळं तळं पांढरं होते. वास असा की दोन दिवस जेवण जात नाही. मी तेव्हाच विचारलं होतं, साहेब, नको असलेले म्हणजे कोणाले? तो म्हणाला, काका, बाजाराले.

मी हे मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "बस, असंच."

मग तिनं समुद्रापलीकडच्या देशांचं सांगितलं. गोरे लोक दुसऱ्यांच्या मुलखात गेले. जमीन पाहिजे होती, पण जमिनीवर माणसं होती. बंदुकीनं मारली, उपाशी मारली, रोगानं मेली. जी उरली त्यांची लेकरं धरून शाळेत घातली. केस कापले, नावं बदलली, बोली बंद केली. का, तर ज्याला आपण कोण हे आठवत नाही तो जमीन परत मागत नाही. कितीतरी लेकरं त्या शाळांतच मेली. शाळेच्याच मागे पुरली, बऱ्याच मायबापांना कोणी कळवलं पण नाही.

"शाळेच्या मागं मसणवट असते काय कुठं?" मी विचारलं.

"तिथं होती, बाबा."

मी बाहेर जाऊन तोंड धुतलं. परत आलो आणि भांडल्यासारखं विचारलं, "ते गोऱ्यांचं झालं. तुझ्या आईचा मास्तर तं आपलाच होता. मराठी बोलणारा. तुळशीची माळ घालणारा."

"गोऱ्यांनी इथं जंगलावर खुणा ठोकल्या. म्हणाले झाड सरकारचं, बांबू सरकारचा, आन् यात राहणारे लोक रानटी, मागासलेले. मग गोरे गेले. लिहून ठेवलेलं कोणी खोडलं नाही. आपलेच लोक त्याच खुर्चीत बसले, आन् तेच म्हणाले, यांची सुधारणा केली पाहिजे."

"मग हा वंशसंहार होय की नाही, एक सांग."

"त्या शब्दावर शिकलेले लोक भांडून राहिले. मी काही कोर्ट नाही. पण वाट तीच आहे बाबा. कोणी त्या वाटेनं टोकापर्यंत गेलं, कोणी दोन कोस गेलं."

मला तिचं हे म्हणणं पटलं, आणि पटलं म्हणून जास्त राग आला. दोन कोस चालणारा स्वतःला पुण्यवान समजतो. तेरवीत येऊन पान खातो. म्हणतो, घडवलं.

नाव मात्र कुठे सापडेना. साळ्यानं गावात विचारलं. तिच्या वयाचं कोणी उरलं नाही, आणि जे थोडे आहेत तेही तिला शाळेच्याच नावानं ओळखत. पहिल्या सुट्टीत घरी आली तेव्हा आजीनं जुन्या नावानं हाक मारली, तर ही घाबरून आजीलाच मारायला धावली, चूप राह, चूप राह म्हणत. तेव्हापासून घरच्यांनी ते नाव सोडलं. लेकराला त्रास नको म्हणून. आई गेली, आजी गेली. मास्तरचं काम घरच्यांनीच पुरं करून दिलं. त्यांना मी काय दोष देऊ?

एक दिवस साळ्याचा फोन आला. बापाची एक बहीण जिवंत आहे, लांब दिलेली, रानातल्या गावात. साफ बहिरी आहे म्हणून तिचं कोणाच्या ध्यानातच आलं नाही. मी आणि मुलगी लाखांदूरपर्यंत एस.टी.नं गेलो, पुढे जीपनं, मग साळ्यासोबत पायी.

आत्या अंगणात बाजेवर बसली होती. वाळलेल्या शेंगेसारखी म्हातारी, पदराखाली कोंबडीचं पिल्लू धरलेलं. कपाळावर, हातांवर गोंदण शाबूत. साळ्यानं कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं, बाई गेली म्हणून. म्हातारीनं पिल्लू खाली सोडलं.

"पुन्हा?" ती म्हणाली.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. ती गोंडीत बोलत होती, मध्येच आमच्या बोलीत येत होती, आणि साळा मला उलगडून सांगत होता. पहिली सुट्टी लागली तेव्हा ही आत्या माहेरी आली होती. दारात डोकं भादरलेली पोरगी उभी. त्यांच्यात केस कापतात ते कोणी मेल्यावर. आत्यानं विचारलं, कोण मेलं वो पोरी? पोरीनं मास्तरच्या भाषेत सांगितलं, कोणी नाही. "मी तेव्हाच रडून घेतलं होतं तिच्यासाठी," आत्या म्हणाली. "आता दुसऱ्यानं रडायचं होय?"

आणि रडली. आवाज न करता, तोंड उघडं ठेवून.

मग मी विचारलं. साळ्यानं ओरडून विचारलं. पोरीचं नाव काय होतं?

म्हातारीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हा कोण?"

"जवाई. तिचा नवरा."

"मीच ठेवलं होतं नाव. मांडीवर घेऊन ठेवलं." मग माझ्याकडे बोट केलं. "याले कायले पाहिजे?"

"बोलवायले," मी म्हटलं. "ती पाण्यात आहे अजून."

"नाही देणार. लिहून घेशील तू."

"मी चौथीच शिकलो, आत्या."

"चौथी बहुत झाली."

साळा हसला, माझी मुलगी हसली, मलाही हसू आलं, इतक्या दिवसांनी पहिल्यांदा. म्हातारी मात्र हसली नाही. तिनं बाजेखालची काठी ओढली आणि उभी राहायला लागली. "मी येते," म्हणाली. "माझ्या तोंडून निघालं होतं ते. मीच बोलावते."

तिला नेलं कसं ते पाहण्यासारखं होतं. साळ्यानं सडकेला लावून ठेवलेली मोटारसायकल, मध्ये आत्या, मागे आत्याला कवळ्यात धरून माझी मुलगी. म्हातारी साऱ्या रस्ताभर साळ्याच्या डोक्यावर टपला मारत होती, हळू चालव म्हणून. मी जीपनं मागून गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे चुलबंदवर जमले. मी हात मोकळे ठेवून आलो होतो. आत्यानं कोणाचं ऐकलं नाही, लुगड्यासकट पाण्यात जाऊन बसली. थंड पाणी, छातीपर्यंत. भुमकानं मडकं तिच्याजवळ आडवं धरलं. आणि तिनं हाक मारली.

अंगणातून खेळायला गेलेल्या पोरीला जेवायला बोलवावं तशी. थोडी रागानं. तीनदा मारली, मग थांबली, मग पुन्हा.

मी ते नाव ऐकलं. दोन अक्षरांचं आहे की चार, तेही मी इथे सांगणार नाही. म्हातारीला माझ्या चौथीची भीती होती, ती खोटी नव्हती. ज्यांनी ते काढून घेतलं त्यांच्या वाचनात ते परत जाऊ नये. मी एवढं म्हणतो, त्यात जंगली काही नव्हतं. कोण्याही मास्तरच्या तोंडातून निघालं असतं, त्यानं तोंड उघडलं असतं तर.

पाणी हललं नाही. बारके मासे आमच्या पायांशी येत होते, जात होते. मला सगळं दिसत होतं, कोणता कुठे वळेल ते मी आधीच सांगू शकलो असतो. माझे हात शिवशिवत होते. मग वाळूतून एक छोटासा झिंगा निघाला, काचेसारखा, आरपार दिसणारा. मडक्याच्या तोंडाशी थांबला. मिशा हलवल्या. आत गेला.

तो सावली पाहून गेला की हाक ऐकून, ते मला विचारू नका. मला पाणी कळतं, तरी त्याबद्दल मी शब्द काढणार नाही. भुमकानं मडकं उभं केलं आणि बायांनी एकदम रडायला सुरुवात केली, घरी आलेल्या माणसाच्या गळ्यात पडून रडतात तसं.

मडकं साळ्याच्या घरात गेलं. कोपऱ्याशी त्यांचीच माणसं बसली, मी अंगणात बसलो. ते बरोबरच होतं. आतून गोंडी बोलणं येत होतं, मोठ्यानं, सगळे एकदम बोलत होते. जेवण झालं. माझी मुलगी आत होती, तिला त्यांनी आत घेतलं.

लोक विचारतात, आता मनाला शांती भेटली का? नाही भेटली. ती घरी पोचली याचं समाधान आहे, ते वेगळं. पण ते गुरुजी परवा बाजारात दिसले, हात जोडून नमस्कार केला. मी नमस्कार केला नाही. पुढे कधी करेन असंही वाटत नाही.

मडकं घरात गेलं त्या दिवशी साळ्याच्या गावावरून सडकेपर्यंत आम्ही पायीच निघालो. मी पुढे, मुलगी मागे. दोन्हीकडे धान कापायला आलेलं. चालता चालता मागून ती पुटपुटल्याचं ऐकू आलं. आईचं नाव घेऊन पाहत होती. पहिल्या खेपेला चुकलं, मधला उच्चार आमच्यासारखा झाला. ती थांबली. पुन्हा म्हणाली, म्हातारीनं म्हटलं होतं तसं.

मी मागे वळून पाहिलं नाही. पाय जरा हळू टाकले, तिचं म्हणून होईस्तोवर.